मालाला जात नसते म्हणणाऱ्या दोस्तास



जयंतीच्या व्याख्यानमालेत तू माईकवरून म्हणालास, बाजार जात विचारत नाही. ट्रकमधल्या मालाला जात नसते. रस्ते रुंद झाले, सरहद्दी खुल्या झाल्या की आपण सुटलो. टाळ्या पडल्या. मी मागं बसलो होतो, रातपाळी करून आलेला. माझे हात काही वर गेले नाहीत. का, ते तिथंच सांगायला पाहिजे होतं. सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी सूतगिरणीत आहे. शाळा दहावीला सुटली, पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानातलं. आमचं सूत कोनावर चढतं, गोणीत भरतं, गोणी ट्रकात जाते. फुल लोड. म्हंजे एकाच मालकाचा माल, अख्खी गाडी त्याची, वाटेत दुसऱ्याचं काही चढणार नाही, उतरणार नाही. एप्रिल २०२५ पर्यंत कोल्हापूरकडनं सुटलेली गाडी दोन हजारांवर किलोमीटर तुडवून पश्चिम बंगालात बनगावला जायची, पेट्रापोलच्या नाक्यावर रांगेत लागायची. पलीकडं बेनापोल, बांगलादेश. तिथल्या यार्डात माल उतरायचा, तिथल्या गाडीत चढायचा. आपली गाडी माघारी. कापूस पिकवणारे इकडं, कपडे शिवणारे तिकडं, मधे हा रस्ता.

आता जातीचं बोलू.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसाला विणखात्यात पाय ठेवू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, थुंकी लागायची, आणि आपल्या थुंकीनं शेजारचा सवर्ण कामगार बाटायचा. म्हणून ज्या खात्यात पगार बरा, तेच खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. तुला हे पाठ आहे. मग माईकवर कसं विसरलास? त्या गिरणीचं कापड दुकानात गेल्यावर कुठल्या गिऱ्हाइकानं जात विचारली? कापडाला जात नव्हतीच. जात खात्याला होती.

आजही मालात जात शोधू नकोस. गाडीभोवती कोण कुठं उभा आहे ते बघ. बिल्टी कोण फाडतो, काट्यावर कोण बसतो, गाडी घ्यायला कर्ज कुणाला मिळतं, आणि गोणी कुणाच्या पाठीवर आहे. आमच्या गोडाऊनात अकरा हमाल आहेत. आडनावं सांगत नाही, सांगितली तर वस्ती कुठली ते तू लगेच ओळखशील. १९६९ चा माथाडी कायदा आपल्याच महाराष्ट्रात झाला. या अकराजणांपैकी एकाचंही नाव माथाडी बोर्डात नाही.

आणि नाका बंद होतो तेव्हा काय होतं? १४ सप्टेंबर २०२० ला दिल्लीनं कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. भरलेल्या गाड्या बांगलादेशच्या सरहद्दीवर अडकल्या, कांदा ताडपत्रीखाली सडला. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के निर्यात शुल्क लावून. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशनं जमिनीवरच्या नाक्यांतून येणारं भारताचं सूत बंद केलं. १७ मेला दिल्लीनं त्यांचे तयार कपडे जमिनीवरून बंद केले, फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता बंदरांतून येऊ दिले. त्यांनी त्यांचा हिशेब केला, यांनी यांचा.

आमचा हिशेब असा झाला : गोणी गोडाऊनाच्या छताला लागल्या. बदलीवाल्यांना गेटवरनं परत पाठवलं, उद्या बघू म्हणून. हमालांचं काम नगावर, गोणी उचलली नाही तर दाम नाही. टपरीवर एक जण चहा फुंकत म्हणाला, बरं झालं, त्या बांगलादेश्यांची जिरली!

जिरली कुणाची रे? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा कोसळला. भिंतींना भेगा पडलेल्या असताना शिवणकामाला आत ढकललेली अकराशेंवर माणसं मेली, त्यात बाया जास्त. आपलं सूत ज्या हातांत जातं, ते हात असले असतात. ते आपले दुश्मन?

आणखी एक ऐक. १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीत जायला मुंबईतून वाट मिळाली नाही. त्यांना निवडून दिलं बंगालनं. जोगेंद्रनाथ मंडलांनी आणि तिथल्या नमशूद्रांनी जिवाचं रान केलं. फाळणी झाली आणि ती जागा गेली. जिथं आपल्या गाड्या थांबायच्या ते बनगाव १९४७ पर्यंत जेसोर जिल्ह्यात होतं, बेनापोलसारखंच. एकाच जिल्ह्याचे दोन तुकडे. ज्यांनी आपल्या बापाला घटनेपर्यंत पोचवलं, त्यांच्या अंगणातनं ती रेघ गेली. त्या रेघेवर उभं राहून मी कुणाची जिरली म्हणू?

तू म्हणशील, मग काय रस्तेच नकोत? गावकुसाबाहेर परत जायचं? नाही बाबा. माझा आजा गाव सोडून याच रस्त्यानं आला. रस्ता पाहिजेच, गाडी पाहिजे, सरहद्दीपल्याडचं गिऱ्हाईकही पाहिजे. पण नुसता रस्ता कुणाला सोडवत नाही. नाका उघडला की नफा वर जातो, नाका पडला की मार खाली येतो. हे उलटं केल्याशिवाय तुझी मुक्ती म्हंजे रिकाम्या गाडीला बांधलेली ताडपत्री.

म्हणून सांगतो. पुढच्या जयंतीला मांडव घालशील तो गोडाऊनाच्या गेटवर घाल. हमालांची नावं माथाडी बोर्डात लावायला चल. गाडी नाक्यावर अडकली तर त्या दिवसांचा पगार ड्रायव्हर-क्लीनरला मिळालाच पाहिजे, हे मालकाकडनं लिहून घ्यायला चल. पाळी बंद करताना बदलीवाल्याला भरपाई मागायला चल.

अकराजणांचे अर्ज मी माझ्या हातानं लिहून ठेवलेत. इंग्रजीतलं पत्र मला जमत नाही. ते तू लिही. मग माईकवर बोल, मी पहिली टाळी वाजवीन.