टिंब नव्हे, रेघ पाहा

अंगणवाडीत महिन्यातून एकदा बाळाचं वजन होतं आणि सेविकाताई वाढीच्या तक्त्यावर एक टिंब काढतात. मग सगळ्यांचा एकच प्रश्न: हिरव्यात की पिवळ्यात? पण एकटं टिंब फार थोडं सांगतं. मागच्या महिन्यांच्या टिंबांशी ते जोडल्यावर रेघ कुठे वळते ते बघायचं. हिरव्या पट्ट्यात राहून सलग दोन महिने आडवी चाललेली रेघ मला पिवळ्या पट्ट्यात नेटाने वर चढणाऱ्या रेघेपेक्षा जास्त काळजीची वाटते. लांबलेले जुलाब, उशिरा सुरू झालेला वरचा आहार, आई ऊसतोडीला गेल्यावर तुटलेलं दूध, सगळं आधी तिथे उमटतं; बाळ डोळ्यांना सुकलेलं दिसतं ते नंतर. (जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, तेवढ्यावरून आजीने वरच्या दुधाची बाटली काढू नये.) 'आपली मुलं चणीनेच लहान' हेही आता चालायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची मानकं ६ देशांतल्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. त्यांत नॉर्वे, ओमान, घाना यांच्याबरोबर दक्षिण दिल्लीतली मुलंही होती, आणि नीट पोषण मिळालेल्या या सगळ्यांची उंची जवळपास सारखीच वाढली. हल्ली नोंद मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये जाते, आलेखही आपोआप निघतो. मात्र वजनकाटा शून्यावर आणला का, बाळाचं स्वेटर उतरवलं का, आणि रेघ आईला समजावून सांगितली का, हे अजून ताईंनाच बघावं लागतं.