यंत्राने गप्प बसावे

मोठ्या आवाजाविषयी आपल्या समाजाला मुळातच आदर आहे. ज्या वरातीचा बँड तीन आळ्यांपलीकडे ऐकू जात नाही ती वरात गरिबाची, असे मानणारे आपण लोक. दिवाळीत तर विचारूच नका. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणारा फटाका कायद्याने निषिद्ध आहे, हे वाक्य वाचूनही पुष्कळांना एवढेच कळते की, म्हणजे १२५ पर्यंत मुभा आहे तर! तेव्हा संगणकाच्या दुकानदाराने "साहेब, पॉवरफुल मशीन म्हटले की आवाज हा यायचाच" असे मला सुनावले, यात तो काही जगावेगळे बोलला असे नाही. आपणा सर्वांचे मतच त्याने बोलून दाखविले. माझे भांडण त्या मताशी आहे. ते मत नुसते आडमुठे नाही, साफ चुकीचे आहे.

आमचे चिरंजीव लग्नमुंजीच्या चित्रफिती जुळविण्याचा व्यवसाय करतात. आठ-आठ तासांच्या चित्रणातून दोन तासांची फीत काढावयाची, म्हणजे यंत्र बळकट हवे हे मला मान्य आहे. घर दोन खोल्यांचे. म्हणून ते यंत्र बैठकीच्या कोपऱ्यात बसले. दुकानदाराने कोटेशन दिले, चिरंजीवांनी त्यात दोन दिवे वाढवून घेतले, आणि एका संध्याकाळी समोर काच असलेली, सहा रंगीत पंख्यांची ती पेटी घरात आली. चालू करताच माझी आई आतून म्हणाली, "अरे, पिठाची गिरणी घातलीस का रे घरात?" आम्ही सारे हसलो.

पुढे हसण्यासारखे राहिले नाही. आईला कानाचे यंत्र आहे. दोनतीन महिन्यांत आमच्या ध्यानात आले की, संध्याकाळी सगळी मंडळी बैठकीत जमली की ती ते काढून डबीत ठेवते. आम्हाला वाटले, कान आणखी गेला. तपासून आणले, तर कान होता तिथेच. तेव्हा कुठे ती म्हणाली, "ते घातले की मला ती घरघरच मोठी ऐकू येते. तुमचे बोलणे त्यात बुडून जाते." कानाच्या यंत्राला माणसाचा शब्द आणि पंख्याची घरघर यांचा निवाडा पुरता करता येत नाही, दोन्ही ते थोडेफार मोठे करूनच देते. तिने ते काढले ते शहाणपणानेच. पण घरघरीबरोबर आम्हीही तिला बंद झालो, आणि हे आम्हाला कळावयास तीन महिने लागले.

ही तक्रार घेऊन मी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "हेडफोन लावा ना!" या दोन शब्दांत सारा प्रश्न आहे, वाचकहो. यंत्र निवडणारा हेडफोन लावून बसतो, म्हणून त्याला ते ऐकू येत नाही. ऐकतात ती बाकीची माणसे: अभ्यास करणारी धाकटी, पलीकडे भाजी निवडणारी सून, आणि डबीत कान ठेवून बसलेली म्हातारी. कोटेशनच्या वेळी यांतले कोणीही दुकानात नसते. १९४६ सालच्या एनियाक नावाच्या संगणकात सुमारे १८,००० व्हॅक्यूम नळ्या होत्या, दीडशे किलोवॅट वीज त्याला लागे, आणि त्याला थंड ठेवण्यास वाऱ्याचे मोठे झोत सोडावे लागत. पण त्याच्या शेजारी कोणाचे अंथरूण नव्हते. आपण त्याची नातवंडे बैठकीत आणून बसविली आणि वाऱ्याचा झोतही तसाच चालू ठेवला.

आता "आवाज हा यायचाच" या वेदवाक्याकडे वळू. संगणकाचा आवाज म्हणजे मुख्यत्वे पंख्यांचा आवाज, आणि पंख्याचे गणित पंखे करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. फेरे निम्मे केले तर वारा निम्मा होतो. पण आवाज निम्म्याने उतरत नाही, सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की माणसाच्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे १५ हे किती झाले पाहा! यातून धडा सरळ निघतो: पंखा मोठा घ्या आणि हळू फिरवा. १४० मिलिमीटरचा पंखा १२०च्या पंख्यापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र व्यापतो, म्हणून तेवढाच वारा कमी फेऱ्यांत देतो. आमच्या पेटीत सहा पंखे होते खरे, पण समोर काच! वारा यावयाचा तो काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून. उपाशी माणूस जसा भराभर घास घेतो तसे ते पंखे जिवाच्या आकांताने फिरत. वर सहा सारखे पंखे एकत्र म्हणजे एकट्या पंख्याहून जवळजवळ आठ डेसिबल अधिक. समोर साधी जाळी असती तर तीन पंखे निवांत पुरले असते. पण जाळीतून दिवे नीट दिसत नाहीत ना!

कोणी म्हणेल, पेटीला आतून स्पंज लावून बंद करा. करून पाहा. आवाज कोंडावयास जाल तर उष्णताही कोंडली जाते, पंखे आणखी वेगाने फिरतात, आणि कोंडलेला आवाज फटीफटीतून बाहेर येतोच.

पण पंख्यांना तरी किती दोष द्यावा? ते बिचारे आतली उष्णता बाहेर फेकतात. ती उष्णता कोणी आणली? तर आकड्यांच्या शर्यतीने. प्रोसेसरला लागणारी वीज त्याच्या वेगाप्रमाणे वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी कमी केले, तर काम फार तर दहा टक्क्यांनी मंदावते, पण वीज, आणि म्हणून उष्णता, सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. उलट बाजूने पाहिले तर शेवटचे दहा टक्के मिळविण्यासाठीच एवढी आग पेटवावी लागते. इंटेलच्या २०२३ सालच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात मूळ मर्यादा १२५ वॅट आहे आणि कमाल २५३. एएमडीच्या २०२२ सालच्या रायझन ९ ७९५०एक्सवर १७० वॅटचा शिक्का आहे, पण त्यालाच १०५ किंवा ६५ वॅटवर चालविण्याची इको नावाची सोय खुद्द कंपनीनेच ठेवली आहे. ती सोय दुकानदार दाखवीत नाही. का दाखवील? तुलनेच्या तक्त्यात पहिल्या ओळीत असणारा माल तक्त्याच्या जोरावर विकला जातो, आणि तक्त्यात आवाजाचा रकाना नसतो.

ग्राफिक कार्डाची गोष्ट याहून वरची. एनव्हिडियाच्या २०२३च्या आरटीएक्स ४०७०ला २०० वॅट पुरत. २०२५च्या आरटीएक्स ५०९०ला ५७५ लागतात. पाऊणशे वॅटचे आठ छताचे पंखे एकदम लावले तरी एवढी वीज जेमतेम खर्च होईल! ज्याच्या कामाला ते लागते त्याने जरूर घ्यावे. पण लग्नाची फीत जुळविणाऱ्याने ते घेणे म्हणजे मंडईतून भाजी आणावयास मालमोटार नेणे.

आता जुळणीविषयी. आपण पत्रिका जुळविताना नाडीपासून गणापर्यंत सारे पाहतो. संगणकाचे भाग मात्र एकेकटे, नावारूपावर भाळून उचलतो. वस्तुतः इथली पत्रिका अधिक कडक आहे. एएम-५ खाचेच्या मदरबोर्डात डीडीआर-५ रॅमच बसते. इंटेलच्या एलजीए १७०० खाचेच्या बोर्डांत काही डीडीआर-४चे, काही डीडीआर-५चे, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात जात नाही, कारण मधली खाचच वेगळ्या जागी आहे. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात खाचेपुरता बसला तरी बोर्डाचे बायोस जुने असेल तर पडदा काळाच राहतो. हे निदान लगेच कळते आणि दुकानदार बदलून देतो. शांततेची पत्रिका मात्र बिघडली तरी यंत्र चालू होते, म्हणून ती कोणी पाहतच नाही.

उदाहरण घ्या. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा मोठा दुहेरी कूलर आहे, २०२४ सालचा एनएच-डी१५ जी-२. त्याची उंची १६८ मिलिमीटर. पेटीची रुंदी त्याला पुरत नसेल तर झाकण लागत नाही. मग काय, दुकानदार हात वर करून छोटा कूलर बसवितो आणि तो छोटा कूलर जन्मभर किंचाळत राहतो. पेटी पुरली तर रॅमवरचे शोभेचे उंच कंगवे पंख्याला आडवे येतात. त्या कंगव्यांचा दिव्यांखेरीज फारसा उपयोग नाही, ते नसलेली बुटकी रॅम घ्यावी. (त्या कंपनीचे पंखे तपकिरी आणि फिकट बदामी रंगाचे असतात, जुन्या सरकारी कचेरीतील फर्निचरसारखे. चिरंजीवांनी नाक मुरडले. मला ते आवडले.) पाण्याने थंड होणारे कूलर हल्ली प्रतिष्ठेचे झाले आहेत. फार तापणाऱ्या प्रोसेसरला त्यांचा उपयोग आहे, नाही असे नाही. पण त्यांत पंखे तर असतातच, वर एक पंप असतो, आणि तो यंत्र रिकामे असतानाही चालूच असतो.

सर्वांत अन्याय होतो तो एसएमपीएसवर. बजेट चुकले की कात्री पहिली तिथे. समजा आतल्या भागांना ४०० वॅट हवे आहेत. ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ५०० ओढील आणि १०० वॅट स्वतःच उष्णता म्हणून ओकील. ९० टक्क्यांचा ४४४ ओढून ४४च ओकील. पहिल्याचा पंखा का ओरडतो आणि दुसऱ्याचा का ओरडत नाही, हे निराळे सांगावयास नको. हलक्या कामात पंखा पुरता थांबविणारेही एसएमपीएस मिळतात. आणि तो बदलाल तेव्हा जुन्याच्या सुट्या तारा नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतली मांडणी कंपनीगणिक निराळी असते आणि हार्ड डिस्क क्षणात जळू शकते.

शिवाय हे सारे सल्ले थंड देशांतून येतात. तिथले परीक्षक वीस-बावीस अंशांच्या खोलीत मोजमाप करतात. आपल्याकडे मे महिन्यात नागपूरला बाहेर ४५ अंश असतात, आणि खोली दहा अंशांनी अधिक तापली की पेटीतले सारे जवळपास दहा अंशांनीच वर चढते. म्हणून तिथे जो कूलर "पुरेसा" म्हटला जातो तो आपल्याकडे अपुरा समजावा आणि एक पायरी वरचा घ्यावा. धूळ तर आपल्याकडे बारमाही. समोरच्या जाळीला काढता-घालता येणारी गाळणी हवी, आणि ती दिवाळीच्या साफसफाईची वाट न पाहता महिन्याला झटकावी.

"मग लॅपटॉप घ्या की!" असे म्हणणारे एक गृहस्थ मला भेटले. लॅपटॉपचे पंखे टीचभर. काम वाढले की डासासारखे गुणगुणतात. बिनपंख्याचा मात्र खरोखर गप्प असतो. १९८४चा पहिला मॅकिंटॉशही बिनपंख्याचाच होता, आणि २०२०चा एम-१ मॅकबुक एअरही. पत्रे लिहिण्यास व हिशेब ठेवण्यास तसा जरूर घ्या, माझे काही म्हणणे नाही. पण तासन्‌तास राबवावयाचा असेल तर बिनपंख्याचे यंत्र तापते आणि आपण होऊन मंद होते. चिरंजीवांचे पोट त्यावर चालत नाही.

शेवटी आम्ही बापलेकांनी दोन रविवार घालवून तेच यंत्र पुन्हा जुळविले. प्रोसेसर तोच, कार्ड तेच. काचेची पेटी विकून जाळीची घेतली, तीन मोठे पंखे लावले, प्रोसेसरवर उंच कूलर बसविला, एसएमपीएस बदलला. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांच्याही विजेवर बायोसमधून व कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून मर्यादा घातली. पंखे क्षणात चढत, क्षणात उतरत. ते सतत आवाजाहूनही त्रासदायक वाटे, म्हणून त्यांना सावकाश चढावयास लावले. खरखरणाऱ्या हार्ड डिस्का वायर ओढून आतल्या माळ्यावर नेल्या. पूर्वी ४० मिनिटांत निघणारी फीत आता ४३ मिनिटांत निघते. ती तीन मिनिटे गिऱ्हाइकाने अजून तरी मागितलेली नाहीत. खर्चाचे म्हणाल, तर काच, दिवे आणि कंगवे यांवर पहिल्या खेपेस जे उधळले तेवढ्यातच हे सारे आले असते. दोनदा खर्च झाला तो आमच्या मूर्खपणाचा.

आई आता संध्याकाळी कानाचे यंत्र घालून बसते आणि चिरंजीवांच्या लग्नाचा विषय काढते. त्यामुळे शांततेविषयी त्यांचे मत थोडे डळमळले आहे.

माझी मागणी एवढीच आहे. कोटेशनमध्ये वॅट लिहिता, गिगाहर्ट्झ लिहिता, तसा आवाजही लिहा. निदान पैसे मोजण्यापूर्वी यंत्र पूर्ण कामाला लावून गिऱ्हाइकाला दोन मिनिटे ऐकवा, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणावयास सांगा. हीच सूचना मी परवा त्या दुकानदाराला केली. तो मनापासून हळहळला. म्हणाला, "साहेब, कल्पना चांगली आहे. पण इथे रस्त्याचा गोंगाट किती! ऐकू काय येणार?"