सामाईक मालकी, सामाईक जबाबदारी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नियमित देखभाल थांबविली. चालू स्थितीतील यंत्रे एका कंपनीच्या वेळापत्रकानुसार भंगारात काढणे बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यास परवडणारे नाही. पर्याय आहे. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळीत आलेली ‘डेबियन’ ही मुक्त प्रणाली कोणा एकाच्या मालकीची नाही. तिच्याच पायावर सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ उभारली.

परंतु मुक्त म्हणजे श्रमाविना नव्हे. डेबियनच्या आवृत्तीस तीन वर्षांनंतर आणखी दोन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, त्या प्रामुख्याने वर्गणीदार संस्थांच्या पैशांतून मोबदला घेणाऱ्या तंत्रज्ञांच्या कष्टांमुळे. बीडच्या खजाना विहिरीचे पाणी सर्वांचे. पण पाटातील गाळ कोणीतरी काढावाच लागतो. शासनाने परवान्यांचा खर्च वाचवावा आणि देखभालीचा भार मात्र अनामिक स्वयंसेवकांवर टाकावा, हे शोषणच होय. वाचलेल्या रकमेचा निश्चित वाटा दरवर्षी या देखभालीस, तसेच जिल्ह्यातील तरुणांना हे काम शिकविण्यास दिला पाहिजे. जे सर्वांचे, ते सर्वांनीच सांभाळावयाचे असते.