परसदाराची मिळकत

कोकणात आणि गोव्यात घराच्या मागील दाराला लागून असलेली जमीन ही एके काळी कुटुंबाची खरीखुरी मिळकत होती. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू पोसले जात, माडापोफळींच्या अंगावर मिरीचे वेल चढत, फणसाच्या छायेत सुरण व हळद वाढे, आणि श्रावणात पडवळ-दोडक्यांच्या मांडवाखालून वाकून जावे लागे. त्या जागेवर आज कोठे सिमेंटचा कोबा पडला आहे, कोठे पेव्हर ब्लॉक बसले आहेत, आणि ज्या पालापाचोळ्याने ती भूमी पिढ्यान्‌पिढ्या पोसली, तो फाल्गुन-चैत्रात कुंपणाशी गोळा करून पेटवून दिला जातो. ह्या परसदाराचा जीर्णोद्धार व्हावा, आणि तो ज्या त्या मुलखाच्या पर्जन्यमानाला अनुसरून व्हावा, हे आग्रहाने सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

‘फूड फॉरेस्ट’ ह्या नावाने जी कल्पना आज पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे येत आहे, तिचे मूळ आपल्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात रॉबर्ट हार्ट ह्यांनी आपल्या लहानशा जागेत उंच वृक्ष, ठेंगणी फळझाडे, झुडपे, पालेभाज्या, भूमीलगत पसरणाऱ्या वनस्पती, कंद आणि वेली अशा सात स्तरांचे खाद्यवन उभे केले, तेव्हा केरळातील घराभोवतीच्या बागांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. आणि केरळातील ती बाग व गोव्यातील कुळागर ही एकाच सागरतीरावरील सख्खी भावंडे होत. आपल्याकडेही कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर ह्यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे, सूर्यप्रकाशाचा आणि पालापाचोळ्याचा नीट हिशेब ठेवला तर पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन पुरते, हा विचार हयातभर मांडला.

परदेशातील रीत अंगणात आणताना मात्र विवेक हवा, आणि मातीच्या उंच वाफ्यांच्या बाबतीत तर तो विशेषच हवा. ऑस्ट्रियात आल्प्सच्या उतारावर सेप होल्झर ह्यांनी लाकडाचे ओंडके व फांद्या रचून आणि त्यांवर माती लोटून जे उंच वाफे केले, त्यांचा एक मोठा लाभ म्हणजे कुजणाऱ्या लाकडाची ऊब. त्या शीत प्रदेशात तिच्यामुळे पिकाचा हंगाम लांबतो. कोकणाला त्या उबेचे प्रयोजन नाही. येथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, अनेक ठिकाणी खाली जांभा आणि वर वीतभर माती अशी स्थिती असते, आणि त्यामुळे आषाढात ज्या मुळांना पाण्यात गुदमरावे लागते, त्याच मुळांना फाल्गुनानंतर ओलाव्याचा टिपूसही मिळत नाही. जेथे कुदळ चालत नाही, तेथे माती वर चढवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय: उंच वाफ्यातून पावसाचे जादा पाणी निघून जाते, आणि पोटातील कुजके लाकूड पावसात शोषलेला ओलावा पुढे हळूहळू मुळांना देत राहते. उलटपक्षी सोलापूरसारख्या, वर्षाकाठी जेमतेम पाचसहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात उंच वाफा वाऱ्याने आणि उन्हाने चहूबाजूंनी सुकेल. तेथे तोच काडीकचरा खड्ड्यात भरून वाफा जमिनीच्या पातळीखाली ठेवणेच हितावह.

वाफा रचण्याचे काम पावसाआधी, चैत्र-वैशाखात उरकावे. रुंदी चार फुटांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यावर पाय देण्याचा प्रसंग येत नाही. उतारावर तो आडवा, समपातळीत घ्यावा आणि दोन वाफ्यांमध्ये पाण्याला वाट ठेवावी. तळाशी अर्धवट कुजलेले ओंडके, त्यांवर फांद्या, मग नारळाची सोडणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, सुका पाचोळा, शेणकाला आणि सर्वांत वर माती असा क्रम ठेवावा. कच्चे लाकूड कुजताना सूक्ष्मजीव मातीतील नत्र ओढून घेतात, म्हणून शेण आणि हिरवा पाला ह्यांत हात आखडता घेऊ नये, व पहिल्या वर्षी चवळीसारखे द्विदल पीक घ्यावे. लाकूड कुजत जाते तसा वाफा खचतो. ह्यास्तव त्यावर हळद, आले, भाज्या व कंद लावावेत आणि वृक्षांना मूळ जमिनीतच स्थान द्यावे.

वृक्षांखालील जागा रिकामी सोडण्याचे तर काहीच कारण नाही. माडांमध्ये साडेसात मीटरांचे अंतर ठेवतात, पण माडाची बहुतेक कार्यक्षम मुळे बुंध्यापासून दोन मीटरांच्या आत असतात. अर्थात प्रत्येक माडाच्या वाट्याची तीन-चतुर्थांशाहून अधिक भूमी मोकळीच राहते. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ ह्या नावाने माडांच्या सावलीत मिरी, दालचिनी, जायफळ, केळी, अननस ह्यांची जी रचना सिद्ध केली, ती ह्याच हिशेबावर उभी आहे.

उंच वाफ्यांवर दोन आक्षेप रास्त आहेत. लाकडाच्या राशीला वाळवी लागते आणि तिच्या पोकळीत सापाला आसरा मिळतो. म्हणून वाफा घराच्या भिंतीपासून व लाकडी दारा-खांबांपासून लांब असावा आणि ओंडक्यांमधील प्रत्येक पोकळी मातीने ठासून भरावी. श्रमांचा आक्षेपही खोटा नाही. पहिली दोन वर्षे कष्टाचीच जातात, आणि ज्या घरात आता केवळ वृद्ध राहतात तेथे तो भार एकट्याने पेलवणार नाही.

येथेच सार्वजनिक कर्तव्याचा प्रश्न येतो. 1990 साली रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोकणातील डोंगर आंबा-काजूच्या कलमांनी भरून गेले. हे कार्य मोठेच होते, परंतु ते विक्रीच्या पिकाचे होते. घरच्या पानातील भाजीची तजवीज त्यात नव्हती. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन नागरिकांवर घातले. मग नगरपालिकांनी छाटलेल्या फांद्या आणि पाचोळा कचराडेपोवर न नेता मागेल त्या घरी पोहोचवावा, आणि ग्रामपंचायतींनी वृद्धांच्या परसात वाफे रचून देण्याचे काम स्थानिक मजुरांकरवी करून घ्यावे. ह्याला नव्या खात्याची गरज नाही, विद्यमान तरतुदींचा नीट अंमल पुरेसा आहे.

वाचकांना विनंती एवढीच की, येत्या पावसाळ्यापूर्वी मागील दारी कोबा घालण्याचा बेत असेल तर तो रद्द करावा, पाचोळ्याला काडी लावू नये, आणि निदान एक वाफा रचावा.