९९ रुपयांच्या पिझ्झ्यावरचं चीज खरंच चीज असतं का?

पुण्याचं कोथरूड असो, नाशिकचा कॉलेज रोड असो की डोंबिवलीतली एखादी गल्ली. संध्याकाळी सातनंतर चक्कर मारली की एखादा छोटा गाळा हमखास दिसतो. आत एक इलेक्ट्रिक ओव्हन, बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वर फ्लेक्स : ‘चीज बर्स्ट फक्त ९९ मध्ये’. क्लासवरून सुटलेली पोरं, महिनाअखेरीला पोरांचा हट्ट पुरवणारे आईबाबा, ऑफिसवरून परतणारे बॅचलर, सगळे तिथेच. मोठ्या ब्रँडच्या दुकानात चौघांचं बिल हजाराच्या घरात जातं, इथे चारशेत भागतं.

हे परवडतं कसं? भाडं कमी, एसी नाही, घरातलीच माणसं काउंटरवर, हे तर झालंच. पण पिझ्झ्यातला सगळ्यात महाग भाग असतो चीज, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १९९६ मध्ये डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले, तेव्हा पिझ्झा ही वाढदिवसाला खायची गोष्ट होती. २००१ मध्ये अमूलने आपल्या आउटलेटमधून २० रुपयांत पिझ्झा विकायला घेतला. त्याच सुमारास आपल्याकडच्या बेकऱ्यांमध्ये आणि ज्यूस सेंटरमध्येही एक वेगळाच देशी पिझ्झा रुळला. बेकरीचा जाड बेस, गोडसर लाल सॉस, कांदा, सिमला मिरची आणि वरून किसलेलं प्रोसेस्ड चीज, बऱ्याचदा न वितळलेलंच. इटलीतल्या माणसाने बघितला असता तर डोक्याला हात लावला असता. पण त्यात एक गोष्ट चोख होती. दुकानदार तुमच्यासमोर क्यूबचं चांदीचं वेष्टन सोडायचा आणि किसायचा. चीज कोणतं, हे विचारावं लागत नव्हतं.

आता चीज येतं ते आधीच किसलेलं, मोठ्या पाकिटातून, फ्रीझरमधून. ते पाकीट गिऱ्हाईकाला दिसत नाही.

पाकिटात काय असतं?

कधी मोझरेला असतं, कधी ‘अ‍ॅनालॉग’ आणि कधी दोन्हीचं मिश्रण. मोझरेला म्हणजे दूध फाडून, त्याचा चोथा गरम पाण्यात ताणून केलेलं चीज. एक किलो मोझरेलासाठी गायीचं साधारण दहा लिटर दूध लागतं. म्हणजे दुधाचा भाव वाढला की चीज महागणारच.

अ‍ॅनालॉगमध्ये दुधातल्या घटकांची जागा पूर्णपणे किंवा काही प्रमाणात दुसऱ्या पदार्थांनी घेतलेली असते. दुधाच्या फॅटऐवजी बहुतेक वेळा पामतेल, सोबत स्टार्च, थोडी दुधाची प्रथिनं आणि हे सगळं एकजीव ठेवणारे क्षार. दिसायला, चवीला, वितळायला ते चीजसारखंच असावं हाच त्याचा उद्देश असतो. एफएसएसएआय या देशाच्या अन्न नियामक संस्थेच्या नियमांत अ‍ॅनालॉगची व्याख्याच दिलेली आहे.

थोडक्यात, अ‍ॅनालॉग बेकायदा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं ते प्लास्टिकही नाही आणि विषही नाही. अस्सल चीजच्या तुलनेत त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम सहसा कमी असतं, म्हणून ‘पोराच्या पोटात दूध तरी जातंय’ असं समाधान मानणाऱ्यांची फसगत होते. फॅटचं मात्र उगाच सोवळं नको, कारण सॅच्युरेटेड फॅट लोण्यातही भरपूर असतं. आणि ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ‘हे चीज नाही, मग चालेल’ असंही समजू नये. अनेक अ‍ॅनालॉगमध्ये दुधातलं केसिन असतं.

मग अडचण कुठे आहे?

नावात. फ्लेक्सवर ‘चीज’ लिहायचं आणि पिझ्झ्यावर चीज नसलेलं घालायचं, अडचण तिथे सुरू होते. अन्न सुरक्षा कायदा २००६ मध्ये ‘मिसब्रँडेड’ अन्नाच्या व्याख्येत एक सरळ वाक्य आहे : एका पदार्थाचं नाव लावून दुसराच पदार्थ विकणं. कलम ५२ नुसार त्याला तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

महाराष्ट्रात याची सगळ्यात मोठी चर्चा झाली ती अहमदनगरमुळे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमुळे. तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका आउटलेटवर राज्याच्या एफडीएने २०२३ च्या अखेरीस कारवाई केली आणि परवाना निलंबित केला. काही पदार्थांच्या नावात चीज आहे पण त्यात अ‍ॅनालॉग वापरलंय आणि ग्राहकाला ते सांगितलेलं नाही, असा एफडीएचा आक्षेप होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी देशभर गेली. आउटलेट चालवणाऱ्या वेस्टलाइफ कंपनीने आरोप फेटाळला, आपण अस्सल चीजच वापरतो असं सांगितलं, आणि पुढे एफएसएसएआयनेही ते मान्य केल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात तिथल्या मेन्यूवरच्या काही नावांतून ‘चीज’ हा शब्द मात्र गेला.

कोण बरोबर, कोण चूक हा भाग सोडून द्या. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, लॅबचे रिपोर्ट असतात, शेअर बाजाराची भीती असते. त्यामुळे प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागतं. गल्लीतल्या गाळ्याला प्रश्नच कोणी विचारत नाही. दहा किंवा जास्त ठिकाणी आउटलेट असणाऱ्यांना मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात, एकट्या दुकानाला त्यातून सूट आहे. ही सूट योग्यच आहे, कारण चहा-वडा विकणाऱ्याने कॅलरी मोजत बसावं अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण ‘कॅलरी लिहू नका’ म्हणजे ‘काहीही लिहा’ असा त्याचा अर्थ होत नाही.

हरियाणातली एक केस आणखी मजेशीर आहे. मोझरेला टॉपिंग नावाच्या मालावर जीएसटी किती, असा वाद होता. चीजवर तेव्हा १२ टक्के होता. २०२३ मध्ये तिथल्या अपील प्राधिकरणाने सांगितलं की यात वनस्पती फॅट आहे, म्हणून हे चीज नव्हे, यावर १८ टक्के लागेल. थोडक्यात, कर घेताना सरकारने ज्याला चीज मानलं नाही, तसल्याच मालाने सजलेला पिझ्झा गिऱ्हाईकाच्या पुढ्यात ‘एक्स्ट्रा चीज’ म्हणून येऊ शकतो.

दुकानदार मुद्दाम फसवतो का?

काही जण नक्कीच. पण सगळ्यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल. एक हिशेब करून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. समजा मोझरेला ४५० रुपये किलो आणि अ‍ॅनालॉग २५० रुपये किलो पडतं. एका छोट्या पिझ्झ्याला ७० ग्रॅम लागतं. म्हणजे एका पिझ्झ्यामागे १४ रुपये वाचले. दिवसाला ६० पिझ्झे गेले तर ८४० रुपये, महिन्याला २५ हजारांच्या पुढे. अनेक गाळ्यांचं भाडंच तेवढं असतं.

शेजारच्याने ९९ चा बोर्ड लावला की याला १२९ घेता येत नाहीत. डिलिव्हरी अ‍ॅपवर गेलं की कमिशन कापलं जातं. आणि रेस्टॉरंटच्या ५ टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे मालावर भरलेला कर त्याच्याच खिशातून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि पिझ्झा ब्रेडवरचा शून्य झाला. तेवढ्याने थोडा श्वास मिळाला, पण अस्सल आणि अ‍ॅनालॉगमधली दरी तेवढ्याने बुजत नाही. शिवाय होलसेलवाला ‘पिझ्झा चीज’ म्हणून जे देतो त्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं सगळेच दुकानदार वाचतात असंही नाही.

पनीरचंही हेच. मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते थेट विधानसभेत बनावट पनीर घेऊन गेले आणि राज्यभर चर्चा झाली. पण अशा गदारोळात ‘बनावट’, ‘भेसळ’ आणि ‘अ‍ॅनालॉग’ हे शब्द एकाच पोत्यात भरले जातात. छापा पडतो तो घाणेरड्या कारखान्यावर, आणि तो पडायलाच हवा. परवाना असलेल्या कंपनीचं, नीट लेबल लावलेलं अ‍ॅनालॉग हॉटेलात शिरताना ‘पनीर’ होतं, त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आयोडीनचा तो व्हिडिओ

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या एका सेलिब्रिटी रेस्टॉरंटमधल्या पनीरवर एका यूट्यूबरने आयोडीन टाकलं, पनीर काळं पडलं आणि व्हिडिओ व्हायरल झाला. त्यानंतर पिझ्झ्यावर आयोडीन टाकणारेही दिसू लागले. पण आयोडीन फक्त स्टार्च दाखवतं. पिझ्झ्याचा बेसच मैद्याचा, सॉसमध्ये कॉर्नफ्लोअर, किसलेलं चीज चिकटू नये म्हणूनही स्टार्च लावतात. म्हणजे अस्सल मोझरेलाही काळं पडू शकतं. उलट स्टार्च नसलेलं, नुसत्या तेलाचं अ‍ॅनालॉग या टेस्टमध्ये आरामात पास होईल. चीजची तार किती लांब जाते यावरूनही काही ठरत नाही. तेलाचं फॅट की दुधाचं, हे लॅबच सांगू शकते.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे काउंटरवर विचारणं : ‘दादा, चीज कोणतं वापरता? पाकीट बघू का?’ पाकिटावर ‘अ‍ॅनालॉग’ शब्द किंवा घटकांच्या यादीत पामतेल, वनस्पती तेल दिसलं की उत्तर मिळालं. मग ९९ मध्ये तेच खायचं की ३० रुपये जास्त देऊन मोझरेला मागायचं, हे तुम्ही ठरवा. काही दुकानदार दोन्ही ठेवतात आणि विचारलं तर मोकळेपणाने सांगतात.

टाळाटाळ झाली आणि संशय असेल, तर बिल जपून ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर छापणं बंधनकारक आहे. तो नंबर आणि मेन्यूचा फोटो घेऊन एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर किंवा राज्याच्या एफडीएकडे तक्रार करता येते.