अर्धा तास दोघांचा

वरळीच्या बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या वाढल्या. नवराबायकोला एकांत कुठला? जेवणे उरकून समुद्राकडे पायी जायचे, दोघांत शेंगांची एक पुडी, वर खारा वारा. खर्च तो केवढा! २०२५ साली तिथल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जागा वाढली, आता बोलणेही वाढावे.

प्रेम सिनेमातच असते असे आम्हांला वाटत नाही. येताना आणलेला गजरा, रातपाळीवाल्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी, हेही प्रेमच. पण दिवसभर राबून आलेल्या बाईपुढे रात्री पुन्हा भांड्यांचा ढीग असेल, तर तिला चांदणे कसे दिसणार?

म्हणून बांधवांनो, आधी भांडी घासायला बसा. दोघांनी काम उरकले की अर्धा तास हाती उरतो. तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा, फी आणि हप्त्यांचा विषय काढू नका. 'आज कामावर काय झालं गं?' एवढे विचारा आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. पोरे सगळे पाहत असतात. उद्याचा संसार ती इथेच शिकतात.