पट भरला, पाटी कोरीच

१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाच्या उपेक्षेबद्दल सरकारला धारेवर धरले होते. रयतेच्या श्रमातून जमा होणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि जी रयत तो भरते तिची मुले मात्र निरक्षर राहतात, ही त्यांची तक्रार होती. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. ‘मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ देणारा कायदा देशभर अमलात येण्यास मात्र १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. मधल्या सव्वाशे वर्षांत शाळा उघडणे, मुले शाळेत आणणे आणि ती तेथे टिकवणे, यावरच शासनाचे आणि समाजसेवकांचे बहुतेक बळ खर्ची पडले. आणि ते काम पुष्कळसे साधलेही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपासून नाशिक शहरातील पंचवटीपर्यंत सहा वर्षांच्या मुलाचे नाव आज बहुधा कोणत्या ना कोणत्या शाळेच्या पटावर असते. प्रश्न आता निराळा आहे. पटावर नाव असलेल्या या मुलाला चार-पाच वर्षांनंतर वाचता येते काय आणि साधा भागाकार करता येतो काय?

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात ‘असर’ या नावाची पाहणी होत आली आहे. तिची रीत अगदी साधी आहे. पाहणी करणारा कार्यकर्ता घरोघर जातो, मुलाला जवळ बसवतो आणि दुसरीच्या पातळीचा एक छोटा उतारा मोठ्याने वाचावयास सांगतो. मग हातचा घेऊन करावयाची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे एक उदाहरण पुढे ठेवतो. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले ४९ च्या आसपास आणि भागाकार करू शकणारी मुले ३१ च्या आसपास निघाली. तिसरीतील शंभरांपैकी तर केवळ २७ मुलांना तो उतारा वाचता आला. हे आकडे देशाचे आहेत. वाचनात महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीहून बरी असते, पण २०२२ च्या पाहणीत भागाकाराच्या बाबतीत तो त्या सरासरीच्याही मागे होता. ज्या राज्यात उजळणी आणि पाढे हे घराघरातील सायंकाळचे संस्कार मानले गेले, त्या राज्याला ही गोष्ट भूषणावह नाही.

या आकड्यांचा अर्थ एका मुलाच्या आयुष्यात काय होतो, हे पाहिले पाहिजे. पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल वाचावयास शिकते. त्यानंतर ते वाचून शिकू लागते. ज्याचे पहिले काम अपुरे राहिले त्याला चौथीचा इतिहास, पाचवीचा परिसर अभ्यास, किंबहुना गणितातील शाब्दिक उदाहरणसुद्धा बंद दारासारखे होते. वर्ग पुढे सरकतो, पुस्तक जाड होत जाते आणि मागची बाकी चक्रवाढ व्याजाने वाढत राहते. आठवी-नववीत असा मुलगा शाळा सोडतो तेव्हा दफ्तरी त्याची नोंद गळती म्हणून होते. वास्तविक त्याची गळती दुसरीतच झालेली असते. नाव तेवढे पटावर राहिलेले असते.

याची कारणे विचारली की ठरावीक उत्तरे मिळतात. पालक अडाणी आहेत, घरात अभ्यासाचे वातावरण नाही, आदिवासी मुलांना शिक्षणाची गोडी नाही. या उत्तरांचा फोलपणा नाशिक जिल्ह्यातच दिसून आला आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी या आदिवासी वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेचे नाव गेल्या काही वर्षांत राज्यभर झाले. शिक्षक केशव गावित यांनी ही शाळा वर्षाचे सर्व दिवस आणि दिवसाचे सुमारे बारा तास चालवली. तेथील मुले शेकड्यांच्या पुढचे पाढे म्हणतात आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, हे पाहण्यासाठी मोठमोठ्या पदावरील माणसे त्या डोंगरात जाऊन आली. शेकड्यांच्या पुढच्या पाढ्यांचा व्यवहारात उपयोग किती, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. तो गैरही नाही. परंतु हिवाळीने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. मजुरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांना पुरेसा वेळ आणि पुरते लक्ष मिळाले, तर ती कोणाहून मागे राहत नाहीत.

मात्र हिवाळीचे कौतुक करून थांबणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. एका शिक्षकाने आपले सारे आयुष्य शाळेत ओतावे, हा त्याचा मोठेपणा झाला. हजारो शाळांची व्यवस्था त्या मोठेपणावर उभी करता येत नाही. व्यवस्थेने विचारावयाचा प्रश्न असा की, नियमाप्रमाणे नोकरी करणाऱ्या, घरसंसार असलेल्या सामान्य आणि प्रामाणिक शिक्षकाच्या हातून प्रत्येक मूल वाचते कसे होईल? हा प्रश्न मुख्यतः वेळेच्या वाटपाचा आहे.

त्याचा हिशेब मांडून पाहावा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन अपेक्षित आहे; म्हणजे दिवसाला चार तास. त्याच परिशिष्टाप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या शाळेला शिक्षक दोन. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक अशी शाळा घेतली, तर दोघांचे मिळून १६०० तास पाच इयत्तांत वाटले जातात आणि एका इयत्तेच्या वाट्याला ३२० तास, म्हणजे दिवसाला जेमतेम दीड तासाहून थोडे अधिक अध्यापन येते. एक शिक्षक बैठकीला किंवा माहिती भरण्याच्या कामाला गेला की तेही निम्मे होते. उरलेल्या वेळात मुले फळ्यावरचे उतरवून काढतात. या तुटपुंज्या वेळात शिक्षकाने पाचही इयत्तांचा अभ्यासक्रम पुरा करावा, अशी अपेक्षा असते. साहजिकच तो पुस्तक पुरे करतो आणि ज्यांना पुस्तक झेपते त्या चार मुलांना घेऊन पुढे जातो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण वरून त्याला विचारला जाणारा प्रश्न ‘कितवा धडा चालू आहे’ हाच असतो.

या कोंडीतून निघण्याची एक वाट प्रयोगांनी दाखवून दिली आहे. २००१ पासून मुंबई आणि वडोदरा येथील नगरपालिकांच्या शाळांत मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढून, त्याच वस्तीतील एका तरुणीकडे मूलभूत वाचन व अंकगणित शिकण्यासाठी देण्यात आली. तिला ‘बालसखी’ म्हणत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाची काटेकोर तपासणी केली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि खर्चही अल्प होता. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते दारिद्र्यनिर्मूलनाच्या अशाच प्रायोगिक अभ्यासाबद्दल. पुढील प्रयोगांतून आणखी एक धडा मिळाला. शिक्षकांना नवी पद्धत शिकवून आणि साहित्य देऊन जेथे सोडून दिले, तेथे ते पुन्हा अभ्यासक्रमाच्या मागे लागले आणि फारसे काही बदलले नाही. याउलट हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच एक तास या कामासाठी राखून ठेवला, त्या तासापुरती मुलांची फेरमांडणी इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे केली आणि पर्यवेक्षकांनी त्यावर नजर ठेवली, तेव्हा सरकारी शिक्षकांच्याच हातून वाचनात सुधारणा झाली.

हा मार्ग लहान शाळांना विशेष सोयीचा आहे. दोन शिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतातच. तेथे इयत्तांच्या भिंती कागदावरच उरल्या आहेत. भाषेच्या तासाला ज्यांना अक्षरे ओळखता येत नाहीत अशी सर्व मुले, मग ती दुसरीतील असोत वा चौथीतील, एका शिक्षकाकडे आणि वाचू लागलेली मुले दुसऱ्याकडे बसवली, तर प्रत्येक मुलाला शिक्षक पूर्ण तासभर मिळतो. गणिताच्या तासाला गट पुन्हा वेगळे पाडता येतात. मागे पडलेल्या मुलांवर ‘ढ’ असा शिक्का बसेल, अशी भीती यावर घेतली जाते आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. त्यासाठी गट महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने पाडले पाहिजेत आणि दिवसाचा बाकीचा वेळ मुलांनी आपापल्या इयत्तेतच बसले पाहिजे. काहीही न समजता मागच्या बाकावर चार वर्षे बसणे, हा शिक्का यापेक्षा सौम्य खचित नाही.

काय शिकवावे याबाबतही महाराष्ट्राला बाहेर पाहण्याची गरज नाही. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी वंचित मुलांना शिकवताना मुळाक्षरांचा रूढ क्रम बाजूला ठेवला. थोडी अक्षरे आणि थोडी स्वरचिन्हे बरोबरच देऊन मुलाला पहिल्यापासून अर्थपूर्ण शब्द वाचता येतील, अशी मांडणी केली. ज्या मुलाच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी आहे, त्याला तर अर्थाचा हा आधार प्रथम हवा. गणितात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असेही संख्यावाचन दिले, तेव्हा राज्यभर थट्टेचा धुरळा उडाला. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो; कोवळ्या मुलाची तेथे गफलत होते, हे गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत राहिल्या. ऐकून घेणारे थोडे निघाले. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. भाजीचा हिशेब तोंडी अचूक करणारी ही मुले कागदावरील साध्या उदाहरणात अडखळली आणि शाळेत हुशार ठरलेली मुले बाजारातल्या हिशेबात चुकली. रविवार कारंजावर आईच्या शेजारी बसून मोड परत देणारा मुलगा शाळेत गणितात कच्चा ठरतो, तेव्हा उणीव त्याच्या बुद्धीत शोधण्याआधी, त्याचा हिशेब आणि फळ्यावरचे गणित यांना जोडणारा दुवा शाळेने दिला की नाही, हे पाहणे न्यायाचे होईल.

शासनाला हे सारे ठाऊक नाही असे नव्हे. २०२१ साली केंद्राने ‘निपुण भारत’ योजना जाहीर केली आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान देण्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली. परंतु टक्केवारीची लक्ष्ये वरून आली की खालून टक्केवारीच वर जाते. ज्या शिक्षकाने शिकवायचे त्यानेच प्रगतीचा आकडा भरायचा आणि तो कमी भरला तर नोटिशीला उत्तर द्यायचे, अशी रचना असेल तर खरे चित्र कधीच कळणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, पालकांच्या देखत, प्रत्येक मुलाने आपल्याला झेपेल तेवढे मोठ्याने वाचून दाखवावे, ही साधी रीत अहवालांच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक विश्वसनीय आहे. तसेच जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपू नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते. माहिती गोळा करण्याच्या नावाखाली त्याचे तास रोज खाल्ले जात असतील, तर कलमाचा हेतूच पराभूत होतो.

मुलांना नापास करावे, म्हणजे शिस्त येईल, असाही एक सूर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना तशी मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. परीक्षेने रोगाचे निदान होईल. पण तोच धडा त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष ऐकवल्याने न वाचणारे मूल वाचू लागत नाही. निदान पाचवीपर्यंत लांबवण्याऐवजी दुसरीतच करणे शहाणपणाचे आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जून रोजी शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. त्या प्रश्नावर सभा झाल्या, अग्रलेख आले. पहिली भाषाच पुष्कळ मुलांना पाचवीपर्यंत धड वाचता येत नाही, या वस्तुस्थितीवर मात्र कोणी मोर्चा काढला नाही. त्याचे कारण उघड आहे. ज्यांचा आवाज ऐकला जातो, त्यांची मुले या शाळांत नाहीत. ज्यांची आहेत, ते दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत दिवसभर राबतात आणि मूल शाळेत जाते म्हणजे ते शिकते, असा विश्वास बाळगतात. फुल्यांनी ज्यांच्यासाठी आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले, त्यांचाच हा विश्वास आहे. रोजचे दोन तास राखून ठेवणे, मुलांची फेरमांडणी करणे, शिक्षकाला वर्गात राहू देणे आणि खरा आकडा सांगण्याचे धैर्य दाखवणे, एवढ्याने तो सार्थ होऊ शकतो. यासाठी मोठा निधी लागत नाही. मुलाने काय वाचले, हा प्रश्न कितव्या धड्याच्या आधी विचारला गेला पाहिजे, इतकेच.